नेटवर्क वाचवणाऱ्या पूलांना जाब कोण विचारणार?

२०१९ च्या मे महिन्यात आठवडाभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ७ मे रोजी बायनान्स या नाण्यांची खरेदीविक्री करणाऱ्या एक्स्चेंजमधून सात हजारांहून जास्त बिटकॉइन चोरीला गेले. मायनर मंडळींना, म्हणजे संगणक चालवून व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) एकापुढे एक साखळीत (चेन) जोडणाऱ्यांना, हाताशी धरून चेनचे शेवटचे ब्लॉक नव्याने लिहायचे आणि चोरीच पुसून टाकायची, या पर्यायाचा आपण विचार केला होता, असं बायनान्सचे तेव्हाचे प्रमुख चांगपेंग झाओ यांनी दुसऱ्या दिवशी उघडपणे सांगितलं. बिटकॉइनवरचा विश्वास उडेल आणि नेटवर्क दुभंगेल या भीतीने तो सोडून दिला, असंही ते म्हणाले. यावर बरीच टीका झाली. नुसता विचार केला म्हणून टीका.

१५ मे रोजी बिटकॉइनपासून फुटून निघालेल्या बिटकॉइन कॅश या नाण्याच्या नेटवर्कवर त्याच जातीचा उपाय प्रत्यक्षात वापरला गेला. बीटीसी डॉट टॉप आणि बीटीसी डॉट कॉम या दोन मोठ्या पूलांनी (पूल म्हणजे मायनरची एकत्र काम करणारी मंडळी) एका अनोळखी मायनरची कामगिरी बाजूला सारली, दोन ब्लॉक मागे जाऊन स्वतःचे ब्लॉक रचले आणि दहा लाख डॉलरहून जास्त किमतीची नाणी त्या मायनरच्या हाती पडू दिली नाहीत. यावर टीका झाली, पण कौतुकही कमी झालं नाही. चोराला रोखलं म्हणे.

माझा या कौतुकाला विरोध आहे. हल्ल्यातून नेटवर्क वाचवणं आणि नेटवर्कवर हल्ला करणं, या दोहोंसाठी पूल एकच हत्यार वापरतात. ते म्हणजे निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गणनशक्ती एका बाजूला उभी करून आधी लिहिलेलं रद्द करणं. मग हेतू चांगला होता एवढ्यावर भागत नाही. बचाव करण्याची ही ताकद पूलचालकांच्या हाती राहूच नये, अशी व्यवस्था उभी करता येते. ती न करता प्रत्येक संकटात पूलांच्या सद्बुद्धीवर भिस्त ठेवणं हा आळस आहे.

पूल म्हणजे काय ते महाराष्ट्रात समजावून सांगायला सोपं आहे, कारण आपल्याकडे सहकारी साखर कारखाना आहे. ऊस सभासदाचा, पण कधी तोडायचा, किती गाळायचा आणि साखर कोणाला विकायची हे संचालक मंडळ ठरवतं. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी निघतो. घरात एकच मशीन असेल तर स्वतःचा ब्लॉक निघायला वर्षानुवर्षं लागतील, कदाचित निघणारही नाही. म्हणून २०१० च्या अखेरीस चेक प्रजासत्ताकातल्या मारेक पालाटिनुस यांनी पहिला पूल सुरू केला. सगळ्यांनी मिळून काम करायचं आणि ज्याने जेवढी गणनशक्ती लावली त्या प्रमाणात बक्षीस वाटून घ्यायचं. कल्पना न्याय्यच होती. पण ब्लॉकमध्ये कोणते व्यवहार घ्यायचे आणि तो कोणत्या ब्लॉकच्या डोक्यावर रचायचा, हे पूलचा सर्व्हर ठरवतो आणि तयार साचा सभासदाच्या मशीनकडे पाठवतो. मशीन फक्त आकडे फिरवून पाहतं. स्ट्रॅटम या जुन्या आणि आजही सर्वाधिक चालणाऱ्या पद्धतीत तर मशीनला व्यवहारांची यादीसुद्धा दिसत नाही, तिचा गणिती गोषवारा तेवढा दिसतो. कारखान्यात निदान वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते, आरडाओरडा होतो, निवडणूक होते. पूलात यातलं काही नाही. दुसऱ्या पूलाकडे जायची मुभा मात्र आहे, आणि तिच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

निम्म्याहून जास्त शक्ती हाती आली म्हणजे सगळंच हाती येतं असं नाही. दुसऱ्याच्या पाकिटातली नाणी त्याच्या किल्लीशिवाय हलवता येत नाहीत, नियमाबाहेर नवी नाणी पाडता येत नाहीत. स्वतः केलेला खर्च मात्र रद्द करता येतो. एक्स्चेंजवर नाणी जमा करायची, त्यांचे डॉलर उचलायचे आणि नंतर आपल्याकडे गुपचूप रचून ठेवलेली लांब चेन पुढे करायची (नेटवर्क सर्वांत लांब चेनच खरी मानतं), की जमा केलेली नाणी पुन्हा आपल्याच खिशात. यालाच दुहेरी खर्च म्हणतात. दुसऱ्यांचे व्यवहार अडवून धरता येतात ते वेगळंच.

आता पूलांच्या बाजूने बोलणारा सगळ्यात भक्कम दाखला पाहू. मला स्वतःला तो आवडतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

११ मार्च २०१३ च्या रात्री बिटकॉइनच्या दोन चेन झाल्या. त्यामागे कोणी शत्रू नव्हता. सॉफ्टवेअरच्या ०.८ या नव्या आवृत्तीत आतला डेटाबेस बदलला होता. जुन्या ०.७ आवृत्तीतल्या बर्कलेडीबी या डेटाबेसला एका वेळी किती नोंदींना कुलूप लावता येईल याची मर्यादा होती, आणि ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती. २,२५,४३० क्रमांकाचा एक मोठा ब्लॉक आला. नव्या आवृत्तीने तो घेतला, जुनीने नाकारला. दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक होत्या आणि दोन्हीकडे ब्लॉक जमत चालले होते. जास्त गणनशक्ती नव्या आवृत्तीकडे होती. आकड्यांचा नियम लावला तर नवी चेन जिंकायला हवी होती. पण व्यापारी, एक्स्चेंज आणि साधे वापरकर्ते यांतले बरेच जण जुन्या आवृत्तीवर होते. ते सगळे एका रात्रीत नवीवर कसे येणार?

विकासकांनी चॅटवर एकत्र येऊन ठरवलं की मागे जायचं. पण नुसतं ठरवून काय होणार, शक्ती पूलांकडे होती. बीटीसी गिल्ड हा तेव्हाचा सर्वांत मोठा पूल नव्या आवृत्तीवर होता आणि त्या चेनवर त्याने बक्षिसंही मिळवलेली होती. एका ब्लॉकचं बक्षीस तेव्हा २५ बिटकॉइन होतं. त्याच्या चालकाने त्या कमाईवर पाणी सोडून जुनी आवृत्ती चढवली. पालाटिनुस यांचा स्लश पूलही मागे आला. काही तासांत जुनी चेन पुढे निघून गेली आणि नव्या चेनचे २४ ब्लॉक निकालात निघाले. मधल्या काळात ओकेपे या पेमेंट सेवेला सुमारे १०,००० डॉलरच्या दुहेरी खर्चाचा फटका बसला. ज्याने तो केला त्याचा हेतू प्रयोग करून पाहण्याचा होता, असं नंतरच्या अहवालात नोंदवलेलं आहे.

हा बचाव मला मान्य का आहे? एक तर सगळी चर्चा उघड्यावर झाली, आजही वाचता येते. दुसरं म्हणजे ज्याने निर्णय अंमलात आणला त्यानेच तोटा सोसला. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अमुक पैसा कोणाचा, हा प्रश्नच तिथे कोणी सोडवत नव्हतं. दोन चेनपैकी सगळ्यांना चालेल अशी एक निवडायची होती, इतकंच. तरीही त्या रात्रीत एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहेच. एका माणसाने हो म्हटलं म्हणून गाडी रुळावर आली. त्याने नाही म्हटलं असतं तर? आणि ज्यांची मशीन त्या पूलासाठी चालत होती त्या हजारो लोकांपैकी किती जणांना विचारलं गेलं? कोणालाच नाही. बहुतेक झोपलेले असतील.

याच मापाने २०१९ चं बिटकॉइन कॅश प्रकरण मोजा. १५ मे रोजी त्या नेटवर्कचे नियम ठरल्याप्रमाणे बदलले. त्याच वेळी कोणीतरी सॉफ्टवेअरमधला एक दोष वापरून असे व्यवहार सोडले, की पूलांना ब्लॉक बांधताच येईना. काही काळ जवळपास रिकामे ब्लॉक निघत राहिले. हा खरा हल्ला, आणि त्यावर विकासकांनी दुरुस्ती काढली, पूलांनी ती चढवली. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्या गोंधळात दुसरंच प्रकरण उभं राहिलं. बिटकॉइनच्या, पण बिटकॉइन कॅशला न चालणाऱ्या, सेगविट प्रकारच्या पत्त्यांवर (पत्ता म्हणजे खातेक्रमांकासारखा) लोकांनी चुकून पाठवलेली बिटकॉइन कॅशची नाणी अडकून पडली होती. नव्या नियमांनी ती सोडवता येणार होती, आणि नियमांची रचना अशी होती की मालकाच्या सहीशिवायही ती उचलता येत होती. व्यवहारात पाहिलं तर हे जमणार होतं मायनरलाच. एका अनोळखी मायनरने ती उचलली. बीटीसी डॉट टॉप आणि बीटीसी डॉट कॉम यांच्याकडे मिळून नेटवर्कची चाळीस टक्क्यांच्या पुढे शक्ती होती. त्यांनी तो ब्लॉक उडवला. नाणी मूळ मालकांना मिळावीत हा त्यांचा हेतू होता, असं मानलं जातं.

त्या अनोळखी मायनरचा ब्लॉक नियमांप्रमाणे वैध होता. नैतिकदृष्ट्या त्याने हात मारला असेल, माझंही मत तसंच आहे. पण नेटवर्कच्या कायद्यात ते बसत होतं. दोन पूलचालकांनी ठरवलं की कायदा काहीही म्हणो, हा पैसा याचा नाही. म्हणजे पोलीस तेच, न्यायाधीशही तेच, आणि त्या निवाड्यामागे उभी असलेली मशीन तिसऱ्याच लोकांची. कोणी म्हणेल, अहो पण निवाडा बरोबर होता ना? असेल. उद्या एखाद्या सरकारने पूलचालकाच्या दारात नोटीस लावली, की अमुक पत्त्यावरचा पैसा गुन्ह्याचा आहे, तो ब्लॉक मागे घ्या, तेव्हा पूलचालक काय उत्तर देणार? हे आम्हाला जमत नाही, असं त्याला म्हणता येणार नाही. त्याने करून दाखवलेलं आहे.

ही भीती हवेतली नाही. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मॅरथॉन कंपनीच्या पूलाने अमेरिकी निर्बंधांच्या यादीतले पत्ते गाळून ब्लॉक काढायला सुरुवात केली होती. ओरड झाल्यावर महिना संपायच्या आत माघार घेतली. २०२३ मध्ये एफटूपूलबद्दल हेच उघड झालं आणि त्यांनीही ती गाळणी बंद केली. दोन्ही वेळा लोकांच्या टीकेने काम झालं हे खरं, पण दोन्ही वेळा बटण पूलचालकाच्या टेबलावरच होतं.

बटण टेबलावर असलं की ते भलत्या कारणासाठीही दाबलं जातं. जानेवारी २०१२ मध्ये कॉइल्डकॉइन नावाचं नवं नाणं निघालं. एलिजियस या पूलाचे चालक आणि बिटकॉइनचे विकासक ल्यूक डॅशज्युनियर यांच्या मते ते फसवं होतं. त्यांनी आपल्या पूलाची शक्ती त्याच्यावर सोडली आणि ते नाणं जन्मतःच मेलं. बिटकॉइनचंच काम वापरून दुसऱ्या चेनचे ब्लॉक काढता येत असल्याने सभासदांचं एका पैशाचंही नुकसान झालं नाही, असा बचाव तेव्हा झाला. नुकसान झालं नाही म्हणून न विचारता माझं मशीन कोणाचा तरी गळा दाबायला वापरायचं? नोव्हेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कॅशची दोन गटांत लढाई लागली, तेव्हा बिटकॉइन डॉट कॉमच्या पूलाने बिटकॉइनसाठी आलेल्या ग्राहकांची शक्ती दिवसभरासाठी आपल्या गटाच्या चेनवर वळवली. त्यांनी ते आधी जाहीर केलं होतं आणि भरपाईही कबूल केली होती. त्यातल्या त्यात सभ्यपणा म्हणायचा. तरी ऊस कुठे जाणार हे संचालकांनीच ठरवलं.

पूल बदलण्याच्या मुभेवर बरेच जण फार भरवसा ठेवतात. पूल वाईट वागला तर लोक सोडून जातील, बाजार शिक्षा करील. याला आधार आहे, नाही असं नाही. २०१४ च्या जूनमध्ये जीहॅश डॉट आयओ या पूलाने बिटकॉइनची निम्मी शक्ती ओलांडली, तेव्हा मायनर खरंच पांगले आणि पुढच्याच महिन्यात पूलाला ३९.९९ टक्क्यांच्या वर जाणार नाही असं वचन द्यावं लागलं. पण त्याच पूलाची शक्ती वापरून आदल्या वर्षी एका जुगाराच्या साइटवर दुहेरी खर्चाचे प्रकार झाले होते, आणि त्यानंतरही तो वाढतच राहिला होता. म्हणजे बाजाराने शिक्षा केली ती आकड्याला, वागण्याला नव्हे. आज बिटकॉइनमध्ये फाउंड्री आणि अँटपूल या दोन पूलांच्या शक्तीची बेरीज अनेकदा निम्म्याच्या आसपास असते. शिवाय वेगळ्या नावांचे बरेच पूल अँटपूलसारखाच साचा वापरतात, हे २०२४ मध्ये संशोधकांनी ब्लॉक तपासून दाखवलं. पाट्या निराळ्या, भटारखाना एक.

छोट्या नेटवर्कांवर तर हा युक्तिवाद टिकतच नाही. इथेरियम क्लासिक या नाण्याच्या नेटवर्कवर ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात तीन मोठे हल्ले झाले. पहिल्या वेळी तर सुरुवातीला वाटलं की एखाद्या मायनरचं इंटरनेट गेलं असावं. नंतर उलगडा झाला की हल्लेखोराने शक्ती भाड्याने घेतली होती. भाडं साधारण दोन लाख डॉलरच्या आत, आणि हाती लागले पन्नास लाखांहून जास्त. भाड्याची शक्ती आज इथे, उद्या तिथे. तिला नेटवर्कच्या नावाशी, किमतीशी, भविष्याशी देणंघेणं नसतं. तिथल्या प्रामाणिक पूलांना करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. शेवटी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विकासकांनी असा बदल लागू केला, की अचानक उशिराने आलेली लांब चेन नोडने, म्हणजे चेनची प्रत ठेवणाऱ्या संगणकाने, सहजासहजी स्वीकारू नये.

आणि मग मोनेरो हे नाणं. २०२५ च्या उन्हाळ्यात क्युबिक नावाच्या प्रकल्पाने मोनेरोच्या मायनरना जास्त मोबदल्याचं आमिष दाखवून आपल्याकडे ओढलं. मोनेरोचे आलेले पैसे विकून स्वतःचं नाणं विकत घ्यायचं आणि जाळून टाकायचं, म्हणजे त्याचा भाव वर राहतो, अशी ती युक्ती. मोनेरो सीपीयूवर काढता येतं, त्यामुळे घरोघरचे संगणक यात आले. १२ ऑगस्टला क्युबिकने बहुमत मिळाल्याचा दावा केला. दावा फुगवलेला होता असं अनेकांनी दाखवलं, पण सहा ब्लॉक उलटले होते हे नाकारता येत नव्हतं. १४ सप्टेंबरला १८ ब्लॉक उलटले आणि शंभरावर व्यवहार रद्द झाले. मोनेरोत नाणी मिळाल्यावर १० ब्लॉक, म्हणजे साधारण २० मिनिटं, ती पुन्हा खर्च करता येत नाहीत. तेवढं थांबलं की निर्धास्त, अशी समजूत होती. ती त्या दिवशी गेली.

इथे हल्लेखोर स्वतःच पूल आहे, आणि त्याने कोणाला फसवलेलं नाही. जास्त पैसे देतो या म्हणाला, लोक गेले. मग इतर पूलांनी काय केलं? लोकांना परत बोलावलं, पीटूपूलसारख्या चालक नसलेल्या व्यवस्थेकडे वळा म्हणून सांगितलं. क्युबिकच्या सर्व्हरवर कोणीतरी खोट्या मागण्यांचा भडिमारही केला. तो कोणी केला ते सोडून देऊ, पण वाचवायला निघालेली माणसं दुसऱ्याचे सर्व्हर पाडून खूश होत असतील तर ती पुढच्या वेळी कोणाचे पाडतील? विकासकांमध्ये असाही प्रस्ताव आला की विश्वासातल्या लोकांनी ठरावीक ब्लॉकवर खूणगाठ मारून तो पक्का जाहीर करावा, आणि पूलांनी त्याच्या मागे जाऊ नये. तात्पुरती मलमपट्टी म्हणून समजू शकतो. पण यात पूलचालकांच्या हातची ताकद निघून विकासकांच्या हाती जाते, जिथे होती त्याहून फार लांब नाही.

त्या सगळ्या गदारोळात खरा उपयोगी पडला तो सर्वांत कंटाळवाणा उपाय. क्रॅकेन या एक्स्चेंजने मोनेरो जमा करणं आधी थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं ते ७२० कन्फर्मेशनच्या, म्हणजे व्यवहारावर तितके ब्लॉक रचले जाण्याच्या, अटीवर. दोन मिनिटांचा एक ब्लॉक धरला तर पूर्ण एक दिवस. दुहेरी खर्चाचा नफा एक्स्चेंजमधून बाहेर पडतो, मग दार तिथेच लावायला हवं. एक दिवस थांबायला लावलं की १८ ब्लॉक उलटवून मिरवता येतं, कमावता येत नाही.

माझी अपेक्षा दोन गोष्टींची आहे, आणि दोन्हींचं तंत्र तयार आहे. ब्लॉकचा साचा मायनरने स्वतः बांधावा, पूलाने फक्त हिशेब ठेवावा आणि पैसे वाटावेत. स्ट्रॅटमच्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आहे, ओशन या पूलाची डेटम नावाची पद्धत तेच करते, आणि मोनेरोचा पीटूपूल २०२१ पासून चालकाशिवाय चाललेला आहे. दुसरी गोष्ट एक्स्चेंजने करायची. कोणत्या नाण्यासाठी किती कन्फर्मेशन थांबणार आणि हल्ल्याचा संशय आला तर काय करणार, हे आधीच छापून ठेवायचं.

मग हे होत का नाही? आजचे बहुतेक मोठे पूल ब्लॉक निघो वा न निघो, रोजचं ठरलेलं देतात. नशिबाचा चढउतार पूल स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्या बदल्यात साचा स्वतःकडे ठेवतो, कारण सभासदाने चुकीचा किंवा कमी फीचा ब्लॉक बांधला तर भुर्दंड पूलाला. सभासदालाही ते सोयीचं आहे. वीजबिल दर महिन्याला येतं, लोकशाही नसली तरी चालते. पण पूल साचा नीट तपासतातच या समजुतीलाही अर्थ नाही. ४ जुलै २०१५ ला एफटूपूल आणि अँटपूल यांनी आधीचा ब्लॉक न तपासताच त्यावर काम सुरू केलं आणि सहा ब्लॉकांची एक अख्खी अवैध चेन वाया घालवली.

भारतात या विषयावरची चर्चा दोन ठिकाणी अडकते, भाव आणि कर. नफ्यावर ३० टक्के, जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस, मार्च २०२३ पासून एक्स्चेंजवर मनी लाँडरिंगविरोधी कायद्याची बंधनं. सरकारला एवढं कळतं, आणि त्यात चूक काही नाही. पूल म्हणजे काय हे मात्र पुण्याने फार कडू रीतीने पाहिलं आहे. ज्या गेनबिटकॉइन योजनेचा तपास पुणे पोलिसांनी केला, तिने मायनिंगच्या नावावर १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आश्वासन दिलं होतं, आणि तिच्याशी जोडलेला जीबीमायनर्स हा पूल बिटकॉइनचे खरोखरचे ब्लॉकही काढत होता. खरे ब्लॉक काढणारा पूल म्हणजे विश्वासू माणसं, हे समीकरण निदान आपल्याकडे तरी कोणी मांडू नये. आपल्या एक्स्चेंजना नोंदणी करायला लावणाऱ्या यंत्रणेने कन्फर्मेशनचं धोरण जाहीर करण्याची एक ओळ त्या नियमांत घातली, तर ग्राहकाचं जास्त भलं होईल.

माझ्या मांडणीला एक किंमत आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. साचे हजारो मायनरच्या हाती असते, तर २०१३ ची ती रात्र एका माणसाच्या होकाराने मिटली नसती. प्रत्येकाला निरोप पोचायला, पटायला आणि जुनी आवृत्ती चढवायला वेळ लागला असता. काही तासांच्या जागी कदाचित दोन दिवस. तेवढा वेळ एक्स्चेंज बंद, व्यापारी हात बांधून बसलेले, आणि ओकेपेसारखे आणखी काही फटके. मला तो दोन दिवसांचा खोळंबा चालेल.